नावं जुळवणारी लायब्ररी

आमच्या अब्बांचं नांदेडला इतवाऱ्यात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "घड्याळ मागं पडून राहिलंय." अब्बा डोळ्याला भिंग लावायचे, झाकण उघडायचे आणि थोडा वेळ नुसते बघत बसायचे. मी संगणकाकडं वळलो तेव्हा पोरगं घरचा धंदा सोडून चाललं म्हणून त्यांना वाईट वाटलं होतं. प्रत्यक्षात माझं सगळं आयुष्य मागं पडणाऱ्या वस्तू दुरुस्त करण्यातच गेलं. फरक एवढाच की प्रोग्राम मागं पडतो तेव्हा झाकण उघडून काही दिसत नाही.

या धंद्यातल्या गमती सांगायला बसलो तर पुष्कळ आहेत. माउसला पाय लागला म्हणून त्याला नमस्कार करणारे एक हेडमास्तर होते. व्हायरस येईल म्हणून संगणकाच्या खोलीत कुणाला शिंकू न देणारे एक व्यापारी होते. पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला त्यातलं काही आठवलं नाही. आठवली ती एक लायब्ररी आणि ती लिहिणारा मल्लिनाथ.

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. आमच्या कामात लायब्ररी म्हणजे एकदा लिहून, नीट तपासून ठेवलेला कामाचा भाग, जो पुढं कुठल्याही प्रोग्रामला जोडता येतो. पिठाची गिरणी प्रत्येक घरात बांधत नाहीत, तसंच हे. मल्लिनाथची लायब्ररी एकच काम करायची. माणसाचं नाव दिलं की ते दुसऱ्या कुठल्या नावाशी जुळतं का, ते सांगायची. लिहिण्यात चूक असली, अक्षर गळालेलं असलं, ऐकणाऱ्यानं भलतंच लिहिलेलं असलं, तरीही.

ती का लिहिली गेली, ते आधी सांगतो.

लातूरला बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर आमचं संगणकाचं दुकान होतं. मी आणि मल्लिनाथ, दोघांचं. तो किल्लारीजवळच्या एका गावचा. घरी बायको महादेवी आणि शाळेत नुकतीच जायला लागलेली मुलगी, शिवलीला. तो शनिवारी गावी जायचा आणि सोमवारी पोरीचं काहीबाही सांगत परत यायचा. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला तेव्हा तो लातुरात होता, माझ्याच खोलीवर. खोली हलली, भांडी पडली. आम्ही रस्त्यावर आलो. उजाडल्यावर कुणीतरी किल्लारीचं नाव घेतलं आणि मल्लिनाथ चालायलाच लागला. मी त्याला एका जीपमध्ये बसवलं आणि मीही बसलो.

गावाचं वर्णन मी करणार नाही. ते पुष्कळांनी केलं आहे, आणि मला ते जमतही नाही. महादेवी दगडांखाली सापडली. शिवलीला सापडली नाही. शेजाऱ्यांनी सांगितलं, तिला जिती काढली, तोंडाला मार होता, सैनिकांच्या गाडीतून दवाखान्यात नेली. कुठल्या दवाखान्यात, ते कुणाला माहीत नव्हतं. लातूर, उमरगा, सोलापूर, जिथं जागा मिळाली तिथं माणसं नेली होती.

आम्ही एकेक दवाखाना पालथा घातला. प्रत्येक ठिकाणी खिडकीपाशी गर्दी. मल्लिनाथ एकच वाक्य म्हणायचा, "शिवलीला मल्लिनाथ, बारकी पोर हाय." आतला माणूस बोट फिरवायचा आणि मान हलवायचा. वॉर्डात कुणाला सोडत नव्हते, सोडणं शक्यही नव्हतं. सोलापूरच्या एका दवाखान्यातही असंच झालं. तिथून आम्ही उमरग्याला गेलो, पुन्हा लातूरला आलो, पुन्हा सोलापूरला गेलो.

दुसऱ्या खेपेला त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात पायाला प्लास्टर घातलेली त्याच्या गावची एक म्हातारी भेटली. मल्लिनाथला बघून तिनं हंबरडाच फोडला.

"मल्लू, आता आलास व्हय रं? तुझी लेक माझ्या शेजारच्या खाटंवर हुती. काल गेली की रं."

तिथल्या नोंदीत नाव होतं, शीला माणिक. सुजलेल्या तोंडानं पोरगी आपलं नाव सांगत होती. मदतीला आलेल्या परक्या बाईला जेवढं ऐकू आलं तेवढं तिनं लिहिलं होतं. आम्ही पहिल्यांदा त्या खिडकीपाशी उभे होतो तेव्हा शिवलीला आत होती.

मल्लिनाथ तिथं रडला नाही, ओरडला नाही. परतीच्या गाडीत एकदाच बोलला, "हनीफभाई, ती बरोबरच सांगत आसंल. तिला नाव सांगायला मीच शिकवलं हुतं."

पुढं मदतकार्याच्या कामासाठी सरकारी कचेरीत संगणकावर माणसांची नावं भरायचं काम आम्हाला मिळालं. तिथं मल्लिनाथनं ही लायब्ररी लिहिली. गुंडाप्पा, गुंडप्पा, गुंडू हे एकच असू शकतात, कोंडाबाई आणि कौंडाबाई एकच असू शकतात. सरकारी बाबू एक लिहितो, डॉक्टर इंग्रजीत दुसरं लिहितो, कर्नाटकातून आलेला स्वयंसेवक तिसरंच लिहितो. मल्लिनाथनं प्रत्येक नाव उच्चाराच्या खुणांमध्ये फोडलं आणि ते यच्चयावत सगळ्या नावांशी ताडून बघायची सोय केली. कुणालाही न वगळता. त्या कामात माणसाला क्रमांक नव्हता, घर नव्हतं, कागद नव्हते. जे होतं ते नावच.

त्या लायब्ररीमुळं काही माणसं एकमेकांना सापडली. किती, ते आम्ही मोजलं नाही. काम संपलं आणि मल्लिनाथही दुकानातून सुटला. नवीन वसवलेल्या गावात त्याला घर मिळालं होतं. साखर कारखान्यात वजनकाट्यावरचा संगणक सांभाळायची नोकरी त्यानं धरली. मी दुकान चालवत राहिलो.

मग लातूरला क्लासचे दिवस आले. बघता बघता गल्लीगल्लीत वसतिगृहं झाली, मेस झाल्या, झेरॉक्सची दुकानं झाली. नांदेड, परभणी, हिंगोलीकडून एसटी भरभरून पोरं यायला लागली. प्रत्येकाला डॉक्टर व्हायचं होतं, निदान प्रत्येकाच्या बापाला तसं वाटत होतं. अशाच एका मोठ्या क्लासचं निकालाचं काम आमच्याकडं आलं. क्लासच्या मालकांना सगळं गाव सर म्हणायचं, मीही तेच म्हणतो. हुशार माणूस, पोटतिडकीनं शिकवणारा. आपण कारखाना काढलाय हे त्यांचं त्यांना कळलं नव्हतं, एवढंच.

त्यांच्याकडं सारख्या चाचण्या असायच्या. पोरं उत्तरपत्रिकेवर पेन्सिलीनं गोल काळे करायची. आपला क्रमांकही तसाच, आपलं नावही तसंच, एकेका अक्षराचा गोल. यंत्र ते गोल वाचायचं आणि आमचा प्रोग्राम गुण लावून, क्रम लावून, कुणाची तुकडी वर जाणार, कुणाची खाली, ते ठरवून पालकांच्या मोबाईलवर संदेश पाठवायचा. उपस्थित की अनुपस्थित, गुण, क्रम. थकलेलं लेकरू क्रमांकाचा गोल चुकवतं, एकाच्या जागी सात काळं करतं. म्हणून मी मल्लिनाथची लायब्ररी प्रोग्रामला जोडून ठेवली होती. क्रमांक आणि नाव जुळलं नाही की ती पत्रिका बाजूला पडायची आणि माणसानं बघायची.

पोरं वाढत गेली तसा प्रोग्राम मंदावत गेला. सरांचा फोन यायचा.

"हनीफभाई, पोरं पेपर देऊन जेवून आली, निकाल मागून राहिलीत. तुमचा प्रोग्राम अजून चहाच पितोय का?"

अशा वेळी अंदाजानं हात घालायचा नसतो. नवशिका घालतो आणि भलताच स्क्रू काढून बसतो. आधी वेळ कुठं जातो ते मोजायचं. त्याला प्रोफायलिंग म्हणतात. प्रोग्राम लहान लहान कामांचा बनलेला असतो, त्या प्रत्येकाला फंक्शन म्हणतात. आपण लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला सांगता येतं की प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एक नोंद घालून ठेव. मग प्रोग्राम चालताना कोणतं फंक्शन किती वेळा बोलावलं गेलं आणि कुणात किती वेळ गेला, याचा हिशेब आपोआप तयार होतो. अर्थात या नोंदी करत चालायचं म्हणजे प्रोग्राम आणखी हळू होतो. ती आवृत्ती चालताना सरांनी बघितली आणि कपाळाला हात लावला. "तुम्हाला जलद करायला सांगितलं होतं!"

अहवाल आला आणि मी चक्रावलो. आमच्या लिहिलेल्या सगळ्या फंक्शनांचा वेळ एकत्र केला तरी जेमतेम थोडी मिनिटं भरत होती. प्रोग्राम तर तासच्या तास चालत होता. बाकीचा वेळ कुठं गेला? कारखान्याच्या मस्टरवर फक्त कायम कामगारांची हजेरी असावी आणि खरं काम ठेकेदाराच्या माणसांनी करावं, तसं ते होतं. मी माझा प्रोग्राम नोंदींसह नव्यानं बांधला होता. पण त्याला जोडलेली लायब्ररी जुनीच, तयार केलेली, नोंदींशिवायची होती. तिच्या आत गेलेला वेळ मला दिसणारच नव्हता. प्रोफायलिंग करायचं तर नुसता प्रोग्राम बांधून भागत नाही. तो ज्या लायब्रऱ्यांवर उभा आहे त्या, आणि त्या लायब्रऱ्या ज्यांच्यावर उभ्या आहेत त्याही, पायापासून नव्यानं बांधाव्या लागतात.

त्यासाठी मूळ मजकूर लागतो, ज्याला सोर्स म्हणतात. मल्लिनाथच्या लायब्ररीचा सोर्स दुकानात नव्हता. ज्या हार्ड डिस्कवर होता ती कधीच मेली होती. मी किल्लारीची जीप धरली.

नवीन गाव म्हणजे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशा सारख्या घरांच्या रांगा. मल्लिनाथच्या घरात तो एकटाच. त्यानं चहा ठेवला. मी काम सांगितलं. त्यानं गॅस बारीक केला.

"वेळ कुठं जातो ते बघायचंय व्हय?" तो म्हणाला. "मला ठावं हाय कुठं जातो. सगळी नावं सगळ्या नावांशी ताडतो मी. वेळ लागणारच की."

"मग तेवढं सांगून सरांना पटणार नाही, मल्लू. आकडा दाखवावा लागतो."

"आकडा बघून ते काय मनतील, हेबी ठावं हाय." तो उठला, पत्र्याच्या पेटीतून एक डिस्क काढली. "सोर्स देतो. पर मी संगं येतो. माझ्यामागं त्याला कुणी हात लावायचा न्हाई."

त्यानं रजा टाकली आणि कितीतरी वर्षांनी आम्ही पुन्हा एका टेबलाशी बसलो. त्याच्या लायब्ररीखाली उच्चार फोडणारी दुसरी लायब्ररी होती आणि तिच्याखाली माहिती साठवणारी तिसरी. सगळ्यात खालची आधी बांधली, मग मधली, मग त्याची, शेवटी प्रोग्राम. तरी अहवालात उच्चारांचा पत्ता नाही. आम्ही डोकी खाजवून दमलो. अखेर लक्षात आलं की यंत्रात एका कोपऱ्यात त्या मधल्या लायब्ररीची जुनी प्रत पडून होती आणि प्रोग्राम मुकाट्यानं तीच उचलत होता. ना तक्रार, ना इशारा. आमच्या धंद्यात बोंब मारणारी चूक बरी. मुकी चूक माणूस खाते.

जुनी प्रत काढली, पुन्हा सगळं बांधलं, सरांच्या एका खऱ्या चाचणीची माहिती त्यातून चालवली. या वेळी हिशेब पूर्ण लागला. जवळजवळ सगळा वेळ एकाच फंक्शनात जात होता. नाव ताडणारं, मल्लिनाथचं.

अहवाल घेऊन आम्ही दोघं सरांकडं गेलो. सरांनी त्यांच्या संगणक विभागाच्या इंगळेला बोलावलं. इंगळे तरुण, सरळ आणि सरांना भिऊन असणारा. सरांनी सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे एवढी एक गोष्ट काढली की झालं?"

"काढायची न्हाई, सर," मल्लिनाथ म्हणाला. "ती मी लिहिली तवा मानसाला नंबर नव्हता. आता तुमच्याकडं नंबर हाय. आधी त्या नंबराचंच नाव ताडून बघू. जुळलं, तर पुढं. न्हाई जुळलं, तरच सगळीकडं हुडकू. चुटकीसरशी होईल."

"किती दिवस लागतील?"

"लिहायला थोडे. नीट तपासायला पंधरवडा तरी द्या."

"पंधरवडा? बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय." सर इंगळेकडं वळले. "तोपर्यंत ते तपासणं बंद ठेवता येतं का?"

इंगळेनं आमच्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "येतं, सर."

मी म्हणालो, "सर, तो अहवाल वेळ कुठं जातो तेवढंच सांगतो. तो वेळ वाया जातोय असं नाही सांगत. हे बंद करू नका."

सर हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "हनीफभाई, दोन-चार पोरांचे गोल चुकतील. गुण इकडचे तिकडं होतील. पुढच्या चाचणीला सरळ होतंय की."

करारानं प्रोग्रामचा सोर्स त्यांच्याकडंही होता. त्याच दिवशी इंगळेनं नाव ताडण्याची ओळ बंद केली आणि निकाल फटाफट लागायला लागले. आम्ही कबूल केल्याप्रमाणं नवी लायब्ररी दिली. जुनीइतकीच कसून तपासणारी, पण वेगवान. सर म्हणाले, आता चालतंय ना, परीक्षा होऊ द्या, मग बसवू. मल्लिनाथ कारखान्यावर परत गेला.

रेणुका नांदेडकडच्या उमरीची. तिचा बाप बालाजी एसटीत कंडक्टर. लेक झाली तेव्हा माहूरच्या देवीचा नवस फेडून तिचं नाव ठेवलेलं. क्लासजवळच्या एका वसतिगृहात ती राहायची. तिला ताप आला. वसतिगृहाच्या बाईंना वाटलं, अभ्यासाचा कंटाळा, परीक्षेची भीती. असल्या पोरी त्यांनी पुष्कळ बघितल्या होत्या. तापाची गोळी दिली, वरण-भात दिला. खोलीतल्या दुसऱ्या पोरी पहाटे बाहेर पडायच्या त्या अंधार पडल्यावर यायच्या. रेणुका त्यांना म्हणायची, घरी सांगू नका, बाबा ड्युटी सोडून येतील. क्लासकडून अनुपस्थितीचा संदेश आपोआप जाईलच, हे त्याही धरून चालल्या होत्या.

संदेश गेलाच. ती अंथरुणात असताना झालेल्या प्रत्येक चाचणीचा. उपस्थित. गुण चांगले. क्रम वर सरकला.

दुसऱ्या कुठल्या तरी तुकडीतलं एक लेकरू आपल्या क्रमांकातला एक गोल चुकवत होतं आणि तो क्रमांक रेणुकाचा होता. प्रत्येक वेळी तीच चूक, सवयीनं. त्याच्या घरी अनुपस्थितीचे संदेश जात होते, पण लेकरू रोज पेपर देऊन येतंय हे ठाऊक असल्यानं तिकडं कुणी लक्ष दिलं नाही. क्रमांक बरोबर असला की प्रोग्रामच्या लेखी माणूस हजर होता. नाव कुणी बघतच नव्हतं.

बालाजीनं डेपोत पेढे वाटले. लेकीचा फोन लागेना तेव्हा मन लावून अभ्यास करतेय म्हणून त्यानं लावून धरला नाही. शेवटी तिच्या आईला राहवेना, तेव्हा तो धपाटे आणि लोणचं बांधून लातूरला आला. वसतिगृहात रेणुकानं त्याला ओळखलं, पण तापाच्या ग्लानीत बोलली ते दुसऱ्याच कुणाशी तरी. त्यानं तिला पाठीवर घेऊन रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, डेंगी आहे, फार उशीर झाला. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आठवडा उलटल्यावर बालाजी क्लासमध्ये आला. मी त्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी तिथं होतो. दारापुढं खाकी गणवेशातला एक माणूस मोबाईल पुढं करून उभा होता. आवाज चढलेला नव्हता.

"सर, इथं लिहिलंय, उपस्थित. बगा. हेबी उपस्थित. तिला उठून पानी पिता येत नव्हतं मनून पोरी सांगू राहिल्यात. मग इथं कोन बसलं होतं?"

त्यानं मोबाईल आणखी पुढं धरला. तो पुन्हा म्हणाला, "तुमी अनुपस्थित मनलं असतं तर मी त्याच दिवशी आलो असतो. मी बसमंदीच असतो की, सर. मला यायला काय लागतं?"

सरांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनाही मुलगी होती. पण थोड्या वेळानं त्यांनी मला आत घेतलं तेव्हा ते पुन्हा क्लासचे मालक झाले होते. "ते लेकरू कोण ते शोधून काढा. ज्यानं तिच्या नंबरावर पेपर दिले. लोकांना सांगायला पाहिजे की चूक आपली नाही."

इंगळेकडं त्या चाचण्यांची वाचलेली माहिती एका सीडीत होती. ती त्यानं माझ्या हातात दिली. मी मल्लिनाथला फोन केला. तो मिळेल त्या जीपनं आला.

आम्ही ती माहिती दुकानात नव्या लायब्ररीतून चालवली. चहा येईपर्यंत नाव पडद्यावर आलं. अर्धवट गोल, दोन अक्षरं गळालेली, तरी नाव स्पष्ट होतं. शेजारी गाव, बापाचं नाव, तुकडी. ते लेकरू अजून रोज क्लासला येत होतं. मल्लिनाथनं ते एकदा वाचलं आणि पडदा बंद केला.

सर इंगळेला घेऊन आले तेव्हा बालाजीही त्यांच्या मागं आला. सरांनीच त्याला आणलं होतं.

"सापडलं?"

"सापडलं," मल्लिनाथ म्हणाला. "सांगनार न्हाई."

"म्हणजे काय? क्लासची इज्जत..."

"तुमचं तपासनं तुमी बंद केलं. त्या लेकरानं न्हाई. त्याला कळलं तर ते जगंल का, सर?"

सर काही बोलणार तेवढ्यात बालाजी पुढं झाला. "त्यांना सांगू नका. मला सांगा. मी बाप हाव तिचा."

मल्लिनाथनं त्याला खुर्ची दिली. स्वतः खाली जमिनीवर बसला. मी त्याला शिवलीलाबद्दल परक्या माणसाशी बोलताना कधी ऐकलं नव्हतं, माझ्याशीही तो क्वचितच बोलायचा. त्यानं सोलापूरच्या खिडकीपासून सगळं सांगितलं. मग म्हणाला,

"माझ्या लेकीचं नाव चुकीचं लिहिनाऱ्या बाईचं नाव मला ठावं हाय. नोंदीखाली सही हुती. मी तिचं घर हुडकून काढलं. दारापोतर गेलो. ती लहान पोर काखंत घिऊन उभी हुती. काय पायजे मनली. मी पानी मागितलं. पिलो आन् परत आलो. भाऊ, नाव कळलं तरी आपल्याला काय करता येत न्हाई. निस्तं ते नाव उरतंय."

बालाजीनं मोबाईल खिशात ठेवला. मग त्यानं विचारलं, "लहान हाय का ते? रेणुकाएवढं?"

"तिच्याएवढंच."

बालाजीनं डोळे पुसले, गणवेशाचा सदरा खाली ओढून नीट केला आणि कुणाकडं न बघता जिना उतरून गेला.

सरांनी इंगळेला विचारलं, दुसरी प्रत असेल ना? इंगळे म्हणाला, "नाही, सर." मला माहीत होतं तो खोटं बोलतोय. प्रती ठेवणं हेच त्याचं काम होतं. मल्लिनाथनं सीडी मोडली आणि तुकडे खिशात घातले. क्लासचं काम आमच्याकडून गेलं. इंगळेही पुढं तिथं राहिला नाही. जाण्याआधी त्यानं आमची नवी लायब्ररी बसवून दिली, असं मला नंतर कळलं. क्लास आजही जोरात चालतो.

या धंद्यात मी पुष्कळ प्रोग्राम जलद केले. त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला सांगू. त्या अहवालाचा मात्र मला अजूनही राग येतो. तो अचूक होता. एकही आकडा चुकलेला नव्हता.

मल्लिनाथ कारखान्यावरून निवृत्त झाला. बालाजीची माझी गाठ पुढं एकदा पडली, लातूरला येताना, नांदेडहून बसमध्ये चढलो तेव्हा. केस पांढरे झाले होते, पण आवाजावरून ओळखलं. त्यानंही मला ओळखलं. गर्दी कमी झाल्यावर शेजारी येऊन बसला.

"धाकटी लातूरला हाय," तो म्हणाला. "क्लासला."

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे.

"तिलाबी डॉक्टरच व्हायचंय, साहेब. बहिनीमुळंच मनती. नको कसं मनावं?" त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "दुसऱ्या क्लासला घातली. मेसेज येतात, मी बगत न्हाई. डेपोतल्या साहेबाच्या हातापाया पडून ड्युटी लातूरच्या गाडीवर घेतली."

लातूरला बस लागली. प्रवासी उतरले. ड्रायव्हरला "आलोच" म्हणून बालाजी स्थानकाच्या मागच्या गल्लीत शिरला. मला त्याच बाजूला जायचं होतं, म्हणून मीही चाललो. एका चार मजली इमारतीखाली तो थांबला. सगळ्या गॅलऱ्यांत पोरींचे कपडे वाळत होते. त्यानं मान वर केली आणि बसस्थानकावर गावांची नावं पुकारतात तशा खणखणीत आवाजात हाक मारली, "सुरेखाऽऽ!"

तिसऱ्या मजल्यावर ओल्या केसांची एक मुलगी बाहेर आली. वाकून तिनं हात हलवला. बालाजीनं तिच्याकडं नीट, डोळे भरून बघून घेतलं. मग मागं वळला आणि गाडी सुटायची वेळ झाली म्हणून पळत निघाला.